कारवी, कावेरी, करावी

आमच्या मुलीच्या जन्मनोंदीत दोन नावं आहेत. मूळ रकान्यात ‘करावी’ आणि समासात, सही-तारखेसह, ‘कारवी’. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच तसा आहे. मूळ नोंद खोडत नाहीत, चूक समासात दुरुस्त करतात. म्हणजे ते पहिलं चुकीचं नाव तिथे कायमचं राहणार. आज मला त्याचं काही वाटत नाही, पण त्या दिवशी कार्यालयाच्या जिन्यात बसून मी रडले होते.

वेगळं नाव ठेवायचं मनात असलेल्या माझ्या दोघी मैत्रिणी सारखं विचारतात, “लोक काय म्हणाले गं?” लोक पुष्कळ काही म्हणाले. फोनवर एवढं सांगून होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

आधी नाव कुठून आलं ते. लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात आम्ही दोघं आणि त्याचे दोन चुलतभाऊ मढे घाटात गेलो होतो. नवऱ्याचं मूळ गाव वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या बाजूचं. मी कोथरूडमध्ये वाढलेली. सिंहगडावर किती वेळा गेले असेन त्याची गणती नाही, पण त्या दिवशी पाहिलं तसं काही मी कधीच पाहिलं नव्हतं. केळदच्या पुढे गाडी लावून चालायला लागलो, एक वळण घेतलं आणि समोरचा अख्खा उतार निळा-जांभळा. मधमाश्यांची गुणगुण एवढी की बोलताना आवाज चढवावा लागत होता. “कारवी फुललीय,” तो म्हणाला. घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं.

सात वर्षं हे नुसतं खरबरीत पानांचं झुडूप असतं. मग एका वर्षी डोंगरावरची सगळी कारवी एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. वाळलेली बोंडं तशीच राहतात. पुढच्या पावसाळ्यात सरींनी ती भिजली की तडतड उकलतात आणि बी लांब उडतं. आपल्याकडचं हे नाव वनस्पतिशास्त्रातही गेलं आहे. स्ट्रोबिलँथस कॅलोसा हे तिचं आज चालतं शास्त्रीय नाव, पण ‘कार्विया’ असंही एक नाव तिला दिलेलं आहे आणि ते थेट आपल्या ‘कारवी’वरून. हे मला खूप नंतर कळलं. त्या दिवशी उतारावर उभी राहून मी एवढंच म्हटलं की मुलगी झाली तर कारवी. तो लगेच हो म्हणाला. लग्न अजून व्हायचं होतं, त्यामुळे दोघं चुलत दीर परतीच्या वाटेभर हसत होते.

मुलगी झाली २०२४ च्या सप्टेंबरात, हरतालिकेच्या आदल्या रात्री. दवाखान्यात तिच्या मनगटाला ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव अशी पट्टी बांधली. तेच तिचं पहिलं नाव म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गुरुजींना वेळ कळवली. नक्षत्र हस्त, रास कन्या. हस्ताच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. आमची मुलगी तिसऱ्या चरणातली, म्हणजे अक्षर ण. मराठीत ण पासून सुरू होणारं नाव आणायचं कुठून? गुरुजींनी त्याच नक्षत्रातला पू सुचवला आणि सासूबाईंच्या मनात ‘पूर्वा’ पक्कं झालं. सुरेख नाव आहे. माझ्या वर्गात दोन पूर्वा होत्या, दोघीही मला आवडायच्या.

आम्ही ‘कारवी’ म्हटलं तेव्हा खोलीत कुणी काही बोललंच नाही. मग माझ्या आईनं विचारलं, “कावेरी म्हणालीस का?”

बारसं बाराव्या दिवशी करायचं, तर तो गणपतीचा आणि विसर्जनाच्या आदल्या दिवसाचा मुहूर्त आला. त्या दिवसांत पुण्यात पाहुण्यांना बोलवायचं म्हणजे त्यांना पेठांमधल्या बंद रस्त्यांतून फिरवणं. त्यानंतर लगेच पितृपक्ष. शेवटी नवरात्रातला रविवार धरला. असा जवळजवळ महिना गेला आणि त्या महिन्यात नावावर घरात जेवढं बोलणं झालं तेवढं आमच्या लग्नावरही झालं नव्हतं.

आईचं म्हणणं साधं होतं. “तिला जन्मभर समजावून सांगत बसावं लागेल.” मामांना वेगळीच अडचण. ते बांधकामातले. “अगं, कारवी म्हणजे काटक्या. कूड घालायला, सरपणाला. पोरीचं नाव कुणी काटकी ठेवतं का?” एका मावशीनं मोबाईलवर अर्थ शोधला आणि देवीचं काही निघत नाही म्हणून हिरमुसली. हल्ली नावाला संस्कृत अर्थ आणि शक्यतो एखादी देवी असावी लागते. नाव साधं मराठी असेल तर त्याला अर्थच नाही असं लोकांना वाटतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. अबोली, जाई, शेवंती ही आपल्या अंगणातलीच फुलं. तिथवर चालतं. डोंगरावरचं झुडूप म्हटलं की चालत नाही.

सासूबाईंचं मात्र तसं नव्हतं. त्यांचं माहेर मावळातलं, कारवी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. दोन दिवस त्या गप्प होत्या. तिसऱ्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसल्या असताना म्हणाल्या, “फुलली की मरते ते झाड. मला हिच्या नावात मरण नको गं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुलोरा बघताना हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आम्हाला फक्त निळा उतार दिसला होता. त्यानंतरच्या वर्षी तिथे नुसत्या वाळक्या काड्या उभ्या असतात, तो डोंगर मी पाहायला गेलेच नव्हते.

सासऱ्यांनी मधला मार्ग काढला. कागदावर पूर्वा, घरात कारवी. “लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. घरात बाळ म्हणायचे, तेच जगाला कळलं. नाव कुठलं टिकतं ते शेवटी माणसावर असतं.” मला पटलं. खरं सांगायचं तर मी थकले होते. रात्री तीन-तीनदा उठणं, टाके, पहाटे उगाच येणारं रडू. मी नवऱ्याला म्हटलं, करू या तसंच.

रात्री दूध पाजताना मात्र डोळ्यांना झोप नसायची, तेव्हा मी मोबाईलवर नावांबद्दलच वाचत बसायचे. आइसलँडमध्ये सरकारनं नेमलेली नावांची समिती असते, मंजूर यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर तिच्याकडून मान्य करून घ्यावं लागतं. तिच्या अटींपैकी एक अशी की नावाला त्यांच्या भाषेतले विभक्तीचे प्रत्यय लागले पाहिजेत. आपल्याकडे अशी यादी नाही, समिती नाही. पण ती अट मला आवडली. अंधारात, बाळाला थोपटत मी म्हणून पाहिलं. कारवीला, कारवीनं, कारवीचं, कारवीकडे. ए कारवी! जराही अडखळायला झालं नाही. ‘पूर्वा’ तेव्हाच माझ्या मनातून थोडं मागे सरलं असावं.

मग पितृपक्षातच नवऱ्याच्या आजी बाळाला बघायला आल्या. नव्वदीच्या पुढच्या. त्यांना गाडीतून आणायला दोन तास लागले, पाबे घाटात दोनदा थांबावं लागलं. बाळ मांडीवर घेतलं, पायाचे तळवे पाहिले, नाक दाबून पाहिलं आणि विचारलं, “नाव काय काढलंय?”

कुणीच बोलेना. शेवटी नवराच म्हणाला, “आजी, आमच्या मनात कारवी होतं.”

“कारवी? कुडाची कारवी?”

“हो.”

आजी बराच वेळ बाळाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझा जल्म कारवीच्या कुडात झालाय. म्हायारी सगळ्या भिती कारवीच्याच. शेणामातीनं लिपायच्या. आत पाऊस न्हाय यायचा का वारं न्हाय.” त्यांनी हातानं दाखवलं, काड्या कशा उभ्या लावायच्या, आडवी चिवाट्यांची पट्टी कशी बांधायची. बोटं वाकलेली, पण बांधणी अजून बोटांत होती. मधाचं सांगितलं. कारवी फुललेल्या साली मध काढायला गावातले पुरुष रात्रीचे जायचे म्हणे. बी तडकतं त्याचा आवाज त्यांनी तोंडानं काढून दाखवला तेव्हा बाळ दचकलं आणि सगळे हसले.

सासूबाईंनी तेव्हाच विचारलं, “पण आई, ती फुलली की मरते ना?”

“केळ काय दोनदा येती व्हय?” आजी म्हणाल्या. “एक घड आला की ग्येली. मांडवाला खांब तिचंच लावतासा ना? भात कापल्यावर काय ऱ्हातंय? त्येच पोरीच्या ओटीत घालतासा.”

पुढे त्या जे बोलल्या ते नवऱ्यानंही कधी ऐकलं नव्हतं. आधार कार्डावर आजींचं नाव सरस्वती आहे. ते सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. माहेरचं नाव दगडी. त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून तिसरीला दगडी म्हटलं. दगडासारखी राहू दे, कुणाची नजर जाऊ नये. दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही जुनी नावं आपण ऐकलेली असतात, त्यांना हसतोही. त्यातलं एक नाव माझ्या घरात सोफ्यावर बसलं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

“भाऊ व्हता तवर दगडे म्हनायचा,” त्या म्हणाल्या. “त्यो ग्येला. आता त्या नावानं मला हाक मारनारं कुनी न्हाय.”

जाताना त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, “कारवी ठिवा. पन मग कारवीच म्हना. उगा परी न् पिल्लू करत बसाल आन् नाव कागदात पडून ऱ्हाईल.”

सासूबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण त्यांनीच नणंदेला फोन लावला आणि सांगितलं की बारशाला नाव कारवी घ्यायचं.

आजींना सोडून नवरा परत येत होता तेव्हा कर्वे पुतळ्याजवळच्या सिग्नलला अडकला आणि तिथूनच त्यानं मला फोन केला. म्हणे, “अगं, धोंडो!” मला आधी कळलंच नाही. धोंडो केशव कर्वे, १८५८ सालचा जन्म, १९५८ मध्ये शंभरीत भारतरत्न. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आम्ही रोज येतो-जातो, त्यांच्या नावात धोंडा आहे याकडे आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं. ते नाव का ठेवलं गेलं ते मी सांगणार नाही, पण एवढं खरं की आज कुणाला त्यात धोंडा ऐकू येत नाही, कर्वे ऐकू येतात.

सगळीच जुनी नावं मायेपोटीची नव्हती, हेही इथे सांगायला हवं. साताऱ्यात २०११ साली जिल्हा प्रशासनानं २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. त्या सगळ्यांची नावं नकुशा किंवा नकोशी अशी होती. मुलगा हवा असताना झालेल्या मुली. आजींची दगडी आणि त्या नकुशा, ऐकायला दोन्ही सारखीच कठोर. पण एक नाव ‘राहा गं’ म्हणतं आणि दुसरं ‘कशाला आलीस’ म्हणतं. वेगळं नाव मुलाला त्रास देईल का, असं मला कुणी विचारलं की मला आधी त्या मुली आठवतात. हाक मारणाऱ्याच्या मनात काय आहे ते मुलाला कळल्याशिवाय राहत नाही.

बारसं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांकडे होतं तसंच झालं. तुळशीबागेतून आणलेलं झबलं-टोपडं, घुगऱ्या, गोविंद-गोपाळ, पाळण्याखालून देणं-घेणं. नणंदेनं कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, पाठीत नेमाचे धपाटे खाल्ले आणि मोठ्यानं म्हणाली, “कारवी!” मागच्या रांगेतून दोघींनी एकदम विचारलं, “कावेरी?” तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्या आईनं सांगितलं, चांगलं ठणकावून, आणि वर कारवी म्हणजे काय तेही. जन्मभर समजावून सांगावं लागेल म्हणणारी माझी आई त्या दुपारी किमान पंधरा जणींना मढे घाट समजावत होती.

आता नोंदणी. जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो, ते काम दवाखान्यानं केलं होतं. नाव तेव्हा ठरलेलं नव्हतं, त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा रिकामी. अशा वेळी बारा महिन्यांत विलंब शुल्काशिवाय नाव भरून घेता येतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून येतं. म्हणजे घाई नव्हती. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून लग्नाच्या नोंदणीपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, आणि आधारवरचं नाव बदलायचं तर जन्मात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे पहिल्याच कागदावर नाव बिनचूक असावं असं मला फार वाटत होतं.

अर्ज मी स्वतः भरला. मराठीत, सुट्या अक्षरांत, दीर्घ वी ठळक काढून. इंग्रजी नाव लिहिताना र पूर्ण ऐकू यावा म्हणून, आणि ‘कर्वी’ होऊ नये म्हणून, मी र नंतर एक जादा ए घातला. चूक तिथेच झाली. संगणकावर इंग्रजी नाव टाकलं की शेजारच्या चौकटीत मराठी आपोआप उमटत होतं आणि तिथे उमटलं ‘करावी’. खिडकीमागच्या माणसानं ते वाचलं, शब्द ओळखीचा वाटला, पुढे पाठवलं. दाखला हातात आला तेव्हा बाळाला कडेवर घेऊन मी तो वाचत होते. करावी. शेजारी रांगेतले एक काका डोकावून म्हणाले, “करावी? काय करावी?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण महिनाभराचं सगळं, सासूबाईंचं ते वाक्य, आजींचा घाट, सगळं एकदम दाटून आलं आणि मी जिन्यात जाऊन बसले.

दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी दिला नाही. देऊ शकले नाही. आठवड्यानं नवऱ्याला घेऊन गेले. खिडकीवर आता दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, “नक्की शब्द काय आहे?” मी सांगायला लागले, तर नवऱ्यानं मोबाईलवरचा तो जुना फोटो पुढे केला. निळा उतार. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. “हे कारवी का! पाचगणीच्या वाटेला पाहिलंय मी, नाव माहीत नव्हतं.” मग मराठीची चौकट हातानं टाइप करून, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून, पडदा आमच्याकडे वळवून त्यांनी ते दाखवलं. नव्या दाखल्यासाठी आणखी दोन खेपा झाल्या. मूळ नोंद समासात दुरुस्त होते हे त्यांनीच सांगितलं. वेगळं नाव असेल तर एवढं मात्र सांगीन की मराठी अक्षरं पडद्यावर स्वतः वाचल्याशिवाय खिडकी सोडू नका. इंग्रजी स्पेलिंग बरोबर असलं तरी मराठी चुकू शकतं.

त्यानंतरचं दीड वर्ष म्हणजे रोजची उत्तरं. लसीकरणाच्या रांगेत “साउथचं नाव का?” बँकेत “कार्वी, आधी र का आधी व?” रिक्षावाले काका, “कारवी? म्हणजे?” आणि मी सांगितल्यावर, “अहो आमच्याकडे भोरला हे पायलीला पन्नास!” आणि मग भोरपासून कोथरूड डेपोपर्यंत आपल्या गावच्या डोंगराबद्दल. पहिल्या वाढदिवसाच्या केकवर ‘कावेरी’ आलं, ते सासूबाईंनी सुरीच्या टोकानं पुसून बोटानं नीट केलं. सोसायटीतल्या एक काकू अजूनही ‘करवी’ म्हणतात, “तुझ्या करवी निरोप देते हं” असं हसून. सुरुवातीला मला राग यायचा. आता वाटतं, निदान रोज हाक तर मारतात.

दोन प्रतिक्रिया मात्र मनातून गेल्या नाहीत. एक, लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकांची. “असू दे गं, मोठी झाली की राजपत्रात देऊन बदलून घेईल.” दिलासा द्यायला म्हणाले होते. रात्रभर ते डोक्यात राहिलं. हा आमचा हौसेचा भार तिच्या खांद्यावर टाकला का? मढे घाट आमचा आहे, तिचा नाही. तिनं नाव बदलायचं ठरवलं तर मी तिच्याबरोबर जाईन, अर्जावर मराठी नीट आलं का ते तेव्हाही मीच वाचीन. हे मी तिला मोठेपणी नक्की सांगणार आहे.

दुसरी, ऑफिसातल्या एका सहकारी मुलीची. तिचं स्वतःचं नाव फार वेगळं आहे, तिनं नको म्हटल्यामुळे इथे लिहीत नाही. मी तिला सरळ विचारलं, तुला त्रास झाला का? ती विचार करून म्हणाली, “शाळेत हजेरी घेताना बाई एका नावापाशी थांबायच्या. त्या थांबल्या की मी उठून ‘हजर’ म्हणायचे, नाव उच्चारायच्या आधीच.” मी विचारलं, मग वाईट वाटायचं का? “पाचवीपर्यंत वाटायचं. नंतर एक बाई आल्या, त्यांनी पहिल्या दिवशी मला जवळ बोलावून नाव दोनदा म्हणून घेतलं आणि मग कधी थांबल्या नाहीत. मला वर्षभर त्यांचाच विषय आवडला.”

हे ऐकल्यापासून मी एक करते. कुणाचं नाव मला नीट कळलं नाही तर अर्थ विचारत नाही, पुन्हा एकदा म्हणायला सांगते आणि मी म्हटलेलं बरोबर आहे का ते विचारते. लसीच्या रांगेतल्या कियान, रेयांश, मायरा यांच्या आयांनाही.

कारवी आता स्वतःला ‘काबी’ म्हणते. आजींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तिला परी-पिल्लू काही म्हणत नाही, सासूबाई तर मुळीच नाही. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजी खाटेवरच होत्या. मी कारवीला शिकवून ठेवलं होतं. ती खाटेजवळ गेली आणि म्हणाली, “दगी.” आजींना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. त्यांनी तिचा हात धरून ठेवला, बराच वेळ सोडला नाही.

गेल्या महिन्यात तिला पाळणाघरात घातलं. तिथे अर्जावर आता मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम होता. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळा-परीक्षांच्या कागदांवर राज्य सरकारनं हाच क्रम ठरवला आहे, बहुतेक त्यावरूनच घेतला असणार. तिच्या नावाला लागून माझं नाव लिहिताना बरं वाटलं. दारात ज्या मावशी मुलांना घेतात त्या मुळशीकडच्या. पिशवीवर नाव घालायला त्यांनी काळा मार्कर उघडला आणि विचारलं, “काय लिहू ताई?”

मी सवयीनं सुरुवात केली, “कारवी, म्हणजे क ला काना, पुढे...”

“ठाऊकंय की,” मावशी म्हणाल्या. “आमच्या गोठ्याला कूड कारवीचाच.” आणि त्यांनी पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, कारवी. वी दीर्घ.